कांताताईची म्हैस

सौद्याच्या वेळेला आमच्या घरून कधी फोन येत नाही. लातूरच्या बाजारात ज्याचं आडतीचं दुकान आहे, त्याच्या बायकोला हे वेगळं सांगावं लागत नाही. ढिगाभोवती माणसं उभी असतात, भाव पुकारला जात असतो, त्या वेळेला यम जरी दारात आला तरी आम्ही त्याला जरा थांब म्हणतो. त्या दिवशी मी तुरीच्या ढिगाजवळ उभा होतो आणि फोन वाजला. गंगा, माझी बायको, 'घरी या' एवढंच म्हणाली. मी ढीग तसाच सोडून निघालो. सकाळी निघताना माझी धाकटी बहीण कांता उशीला टेकून बसली होती. चहा अर्धाच घेतला होता. मला म्हणाली, 'अण्णा, आज ऊन कसं हाय बाहेर?' मी म्हणलं, 'कडक आहे.' तर हसली आणि म्हणाली, 'बरं झालं.' आमचं शेवटचं बोलणं ते हेच... आजारानं पार वाळून गेलेल्या बाईनं उन्हाची चौकशी करावी आणि ते कडक आहे म्हणून खूश व्हावं, हे दुसऱ्या घरात झालं असतं तर लोक म्हणाले असते, भ्रम झाला. आमच्या घरात तसं कुणालाच वाटलं नाही, कारण ती सगळा जन्म उन्हाच्याच मागं लागलेली होती.

तिसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या, 'वीज कर्मचारी महिलेचे निधन.' कर्मचारी म्हणे! अहो, कार्यकारी अभियंता होती माझी बहीण. शिवकांता तिचं नाव. घरात कांता, खात्यात मॅडम, आणि रेणापूरच्या पलीकडच्या एका गावात कांताताई. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं त्यांची थोडी गंमत करायची आहे आणि माणसं माझ्या जिव्हाळ्याची आहेत. तर त्या चार ओळी वाचून माझं डोकं असं सणकलं की पेपरवाल्याला फोनच लावत होतो. गंगानं फोन काढून घेतला. म्हणाली, 'भांडण्यापेक्षा तुम्हीच लिहा की.' म्हणून लिहायला बसलो. भावानं बहिणीचं कौतुक करू नये अशी कुठं रीत असेल तर असू द्या, मी ती पाळणार नाही.

आमचं घर व्यापाऱ्याचं. कांता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एकच सुचलं: बी.कॉम. कर आणि दुकानाचे हिशेब बघ. कांता म्हणाली, 'हिशेबाला अण्णा आहे की. मला इलेक्ट्रिकल पाहिजे.' आप्पांना वाटलं, पोरगी पंखे दुरुस्त करायला शिकणार! आमच्या आईनं, अव्वानं, त्यांना गप्प केलं आणि कांता नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात गेली. मी अधूनमधून एसटीनं तिच्याकडं जायचो, डब्यात अव्वाच्या हातच्या शेंगाच्या पोळ्या आणि धपाटे घेऊन. पोळ्या हॉस्टेलच्या पोरी संपवायच्या आणि ही मला घेऊन गोदावरीच्या धरणावर जायची. एकदा तिथं उभी राहून म्हणाली, 'अण्णा, हे पाणी श्रावणातलं हाय. लोक ते वैशाखात पितेत. मग वीज कामून अशी ठेवता येत न्हाई?' मी म्हणलं, वीज काय पोत्यात भरायची वस्तू आहे का? 'तेच तर! बनवली की त्याच घटकेला खपवावी लागती. तुझ्या बाजारात असा माल आला तर काय करशील?' मी म्हणलं, धंदा बंद करीन. 'आम्ही वीजवाले तोच धंदा करूलालाव,' ती म्हणाली आणि किती तरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिली. मला काय, परतीची एसटी चुकू नये याची काळजी. पण तिच्या डोक्यात त्या दिवसापासून साठवणुकीचं भूत शिरलं ते शिरलंच.

नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या. लग्नाचा विषय निघाला की 'माझं सासर खात्यात' म्हणून मोकळी व्हायची. तिच्या स्वभावाचा एकच किस्सा सांगतो. संध्याकाळचं भारनियमन लई वाढलं होतं, दिवे लावायच्या वेळेलाच अंधार. लोक चिडून तिच्या ऑफिसला टाळं ठोकायला आले. ही बाहेर आली, सगळ्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, 'टाळं उद्या ठोका. उद्या दुपारी माझ्यासोबत चला, तुम्हाला वीज सांडताना दाखवते.' आणि खरंच त्यातल्या दहा-पाच जणांना गाडीत घालून माळावरच्या सोलर प्रकल्पावर घेऊन गेली. ऊन मी म्हणत होतं. सगळ्या काचा तळपत होत्या आणि तिथल्या माणसाला वरून फोन आला, ग्रिडवर वीज जास्त झाली, थोडी कमी करा. त्यानं लोकांच्या देखत काही ओळी बंद केल्या. मोर्चातला एक जण म्हणाला, 'आवो, हीच वीज आमच्या घरी संध्याकाळी पाहिजे होती की!' कांता म्हणाली, 'मी दुसरं काय म्हणूलालेय?' टाळं काही कुणी ठोकलं नाही. उलट त्यातले दोघं-तिघं नंतर तिच्या बाजूनं अर्जविनंत्या करायला लागले. आता सोलर गावोगाव झालंय, दुपारी उजेडच उजेड, पण सूर्य मावळला की तो मावळतोच. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत धरून ठेवायचं, एवढं एकच वेड त्या बाईला होतं.

पुष्कळ खेटे घालून तिनं खात्याकडून एक बॅटरीसंच प्रयोगासाठी मिळवला. ट्रकवर असतो ना कंटेनर, तशी पांढरी पेटी, आत लिथियमच्या बॅटऱ्या. रेणापूरच्या पलीकडच्या त्या गावाच्या गायरानात सोलर होतंच, त्याच्या शेजारी ती बसवली. दुपारी भरायची, संध्याकाळी लाईट गेली की गावाला द्यायची. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं, सगळं आपोआप होऊ द्या. कांता हट्टाला पेटली. म्हणाली, बटण गावाच्या हातात राहील, नाही तर ही पेटी त्यांना कधी आपली वाटणारच नाही. साहेबांनी नाइलाजानं मान्य केलं. गावात कमिटी झाली, गोविंदतात्या अध्यक्ष आणि बटणाची जिम्मेदारी बचत गटातल्या सुमनकडं. पहिल्या बैठकीला कांतानं लोकांना समजावं म्हणून सांगितलं, 'हे विजेचं पेव हाय समजा.' पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. आता फारसं कुणाकडं नसलं तरी जुन्या माणसांनी पेवातली ज्वारी खाल्लेली आहे. लोकांनी माना डोलावल्या. मी मागं बसलो होतो. मला वाटलं, वा, काय शब्द काढला पोरीनं!

त्यानंतर तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन, मग औषधं, मग केस जाणं... ती नांदेडचं क्वार्टर सोडून लातूरला आमच्याकडं आली आणि बरेच दिवस गावाकडं फिरकू शकली नाही. जरा उभी राहायला लागली तसं तिनं पहिलं काय म्हणावं? 'अण्णा, गाडी काढ, पेटी बघून येऊ.' ऑफिसातून कुणीतरी कळवलं होतं की पेटी कायम काठोकाठ भरलेली दिसते, काहीतरी बिघाड असावा. आम्ही गेलो. बिघाड कसला नि काय! तात्यांच्या अंगणात खाटेवर बसवून त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि कांतानं विचारलं, 'तात्या, संध्याकाळी लाईट जात नव्हती का?'

'जाती की. रोज जाती.'

'मग तुम्ही काय केलं?'

'काय करताव, कंदील लावलाव. पर तुमचं पेव सांभाळलंय बगा ताई. एक दाणा सांडू दिला न्हाई!'

सुमन दारात उभी होती. ती फणकाऱ्यानं म्हणाली, 'मी म्हणलं व्हतं, ह्यांच्या नातवाच्या वरातीपुरतं तरी उघडू. ऐकतेत व्हय?' तात्या तिच्यावरच उखडले, 'पेव असं उठसूट उघडतेत का? आन दुष्काळ पडल्यावर काय करशील?' मला हसू आवरेना. कांतानं माझ्याकडं असं बघितलं की मी चहाच्या कपात तोंड घातलं. सगळं गाव अंधारात बसून वीज राखत होतं, आणि तेही अभिमानानं. पेटी भरलेली, म्हणून दुपारच्या नव्या उन्हाला आत जागा नाही. दुपारी ऊन वाया, संध्याकाळी अंधार, आणि भरल्या भरल्या बॅटऱ्याही म्हाताऱ्या होत चाललेल्या.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. मला मात्र हसून झाल्यावर त्याचा राग आला नाही. अहो, आम्ही लातूरकर. दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, तेव्हा आमच्या घरात बादल्या, टिपं, हंडे, अगदी पोह्याच्या पातेल्यासुद्धा भरून ठेवलेल्या असायच्या. भरलेली टाकी दिसली की आमचा जीव थंड होतो आणि ती अर्ध्यावर आली की झोप उडते. साठवणं म्हणजे हात न लावणं, हे आमच्या रक्तात गेलंय. तात्यांनी पेव राखलं यात त्यांचं काय चुकलं? परत येताना कांता मागं वळून पेटीकडं बघत होती. मग एकदम खदखदून हसली, ऑपरेशनच्या जागी हात दाबून धरून हसली. 'अण्णा, तात्याचं बरोबर हाय. शब्द माझा चुकला.'

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. वरच्या साहेबांचा फोन आला, तो तिनं माझ्यासमोरच स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, 'मॅडम, म्हणून म्हणत होतो, बटण त्यांच्या हातात नको. मी स्वतः बघायला येतो. तोवर हे असंच राहिलं तर पेटी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ, आणि निलंग्याकडच्या गावांना अशाच पेट्या द्यायचा तुमचा प्रस्तावही थांबवू.' तिनं 'हो सर' म्हणून फोन ठेवला. त्या पेटीवर तिनं नोकरीतली सगळी पत पणाला लावली होती, आणि आता तिच्याकडं वेळ थोडा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिला सगळ्यांत जास्त. गंगा म्हणाली, 'वन्सं, जाऊ द्या आता, जिवाला जपा.' त्यावर ही म्हणते कशी, 'वहिनी, जपून जपून तर ती पेटी वाया चाललीय!'

आम्ही पुन्हा गेलो. या वेळेला कांतानं बायांनाही बोलावलं होतं. अंगण भरलं. तिनं आधी रांजणाचा दाखला दिला: रोज शिळं पाणी ओततो, ताजं भरतो, तसं. एक म्हातारी म्हणाली, 'माय, आमच्यात नळाला आठ-आठ दिस पाणी न्हाई. रांजण कोण ओततंय?' झालं, तोही शब्द गेला. मी घड्याळाकडं बघत होतो. कांताचा चेहरा पांढरा पडत चालला होता. दिवस कलायला आला आणि गोठ्यातली तात्यांची म्हैस ओरडायला लागली. बैठकीमुळं धारेची वेळ टळली होती, तात्यांची सून सारखी तिकडं बघत चुळबुळत होती. कांता बोलता बोलता थांबली. उठली, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, 'चरवी द्या इकडं.'

सगळे हां हां करत उठले. आमच्या घरामागं लहानपणी म्हैस असायची आणि अव्वानंतर ती फक्त कांतालाच धार द्यायची, हे त्या लोकांना काय माहीत! कार्यकारी अभियंता बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात बळ नाही, ती शेणात बसली आणि दोन-चार वेळा कासेवरून हात फिरवून चर्र चर्र धार काढायला लागली. आधी म्हशीनं लात उचलली, मग तिनंही ऐकलं. धार काढता काढताच ती विचारायला लागली. 'सूनबाई, आज धार काढलीच न्हाई तर?' सून म्हणाली, 'कास तटतटंल, म्हैस परेशान व्हईल.' 'आन चार दिस न्हाई काढली तर?' 'आटंल की मग!' कांतानं मान वळवली. 'तात्या, कासेत दूध राखलं म्हणून म्हैस तुम्हाला शाबासकी देईल का?' तात्या गोंधळून म्हणाले, 'न्हाई बा.' 'मग ऐका. ती पांढरी पेटी पेव न्हाई. मी चुकीचं सांगितलं. ती म्हैस हाय. दिवसभर ऊन चरती. सांजच्याला तिची धार काढायची, रोज. उद्याचं ऊन उद्या येणारच हाय, त्याला कासेत जागा नको का?' मग तिनं शेवटचा सड सोडला आणि रेडकाला पुढं घेतलं. म्हणाली, 'आन समदी काढायची न्हाई. एक सड रेडकाचा. रेडकू म्हणजे आपला दवाखाना. रातच्याला बाळंतीण आली तर तिथं अंधार नको.'

सुमन उठली. ती सरळ गायरानाकडं चालायला लागली आणि तिच्या मागं पोरंसोरं, बाया, सगळेच. थोड्या वेळानं गाव उजळलं. पिठाची गिरणी सुरू झाली, तिचा आवाज आला तशा दोघी-तिघी दळणाचे डबे आणायला पळाल्या. तात्या खाटेवर बसून स्वतःशीच 'म्हैस... म्हैस हाय व्हय!' म्हणत राहिले. कांताला मी धरूनच गाडीत बसवलं. हाताला दुधाचा वास येत होता आणि ती मला विचारत होती, 'बघितलास, धार चुकली नाही माझी?'

साहेब आले त्या दिवशी मीही होतो, मुद्दाम. त्यांनी विचारलं, रोज वापर होतो का? तात्या फेटा सावरून उभे राहिले आणि म्हणाले, 'साहेब, सांजच्याला रोज धार काढताव. एक सड रेडकाला सोडताव. आजून आटली न्हाई.' साहेबांनी कांताकडं बघितलं. ती चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाली, 'सर, दररोज डिस्चार्ज, आणि आरोग्य उपकेंद्रासाठी राखीव साठा.' साहेबही काही कच्चे नव्हते. आकडे बघितले, पेटीभोवती एक चक्कर मारली, मग तात्यांना म्हणाले, 'म्हैस इथंच राहू द्या.' निलंग्याकडच्या गावांचा प्रस्तावही पुढं सरकला. तिथली पहिली पेटी बसली तेव्हा कांता अंथरुणाला खिळली होती. कुणीतरी फोटो पाठवला. पेटीला तिथल्या बायांनी हळदीकुंकू लावलं होतं आणि घोंगडी पांघरली होती, नव्या म्हशीला पांघरतात तशी. कांतानं फोटो बघितला आणि आधी अभियंता होऊन ओरडली, 'घोंगडी काढा म्हणावं, गरम होईल ती!' मग फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिली. आज खात्यातली तरणी पोरं फोनवर एकमेकांना 'धार सुरू झाली का?' विचारतात. हा शब्द माझ्या बहिणीचा आहे. त्यातल्या निम्म्यांना ते माहीत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेतात समाधी दिली, हातात इष्टलिंग देऊन बसवली तिला. सुतकही आमच्यात पाळत नाहीत, पण माणसं यायची ती येतातच. दुपार कलल्यावर त्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. मी सकाळपासून कोरडाच होतो. खड्डा, विभूती, जंगम, पाहुणे, सगळं मीच बघत होतो आणि डोळ्याला पाणी म्हणून नव्हतं. तात्या माझ्यापुढं येऊन बसले, फेटा मांडीवर काढून ठेवला आणि म्हणाले, 'अण्णा, गावानं ठरवलंय. आज ताईसाठी धार काढायची न्हाई. आख्खं गाव अंधारात बसणार.' लोकांनी माना हलवल्या. मलाही भरून आल्यासारखं झालं, एका बाईसाठी आख्खं गाव दिवे लावणार नाही, यापेक्षा मोठा मान कुठला? मी हात जोडणार तेवढ्यात बायांमधून सुमन उठली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं मावळतीकडं बघितलं, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, 'अण्णा, मी निघते. धारंची वेळ झाली.'

कुणीतरी तिच्यावर डाफरलं, आजच्या दिवशी सुद्धा? ती तशीच उभी राहिली. तात्यांनी तिच्याकडं बघितलं, समाधीकडं बघितलं. मग फेटा डोक्याला गुंडाळत उठले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली, 'चल बाबा, काढ गाडी, उशीर होऊलालाय.' मी म्हणलं, 'जा तात्या, लवकर जा.' टेम्पो बांधावरून हलत डुलत रस्त्याला लागला, तेव्हा कुठं मला रडू फुटलं. आणि खरं सांगतो, छाती फुगवून रडलो.